सीटवरची उशी

४ सप्टेंबर, गुरुवार

नवऱ्याच्या कंबरेतली गादी सरकली आहे म्हणे! डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सगळं समजावलं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या, कळलं कुणालाच नाही. कळलं ते एवढंच — अडीच महिने गाडी चालवायची नाही आणि वजन उचलायचं नाही.

रिक्षात अजिनाथ फोटो मांडीवर धरून बसला. (इथे नाव लिहिते. तोंडाने बावीस वर्षं ‘अहो’च चाललंय, वहीला काय कळतंय!) घरी आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, “पिकअप उभी ऱ्हायली तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय. तुझं लायसन हाय. तूच चालव. माझी कंबर नीट झाली की किल्ली माघारी.”

मी म्हटलं, व्हय.

७ सप्टेंबर, रविवार

नुसती पिकअप मला चालवता येते, त्यानेच हौसेने शिकवली होती. पण मागे ट्रॉली लावली की सगळंच वेगळं. पडेगावच्या माळावर सकाळभर सराव केला. अजिनाथ कंबरेला पट्टा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, साहेबासारखा.

मागे घेताना ट्रॉली उजवीकडे जायला हवी तर स्टेअरिंग डावीकडे फिरवायचं. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केलाय, हे तर मला पहिल्या झटक्यात जमायला हवं होतं! नऊ वेळा ट्रॉली कोपऱ्यात मुडपली. मामा — माझे सासरे — लोकर कातत बाभळीखाली बसले होते. दर वेळी तेच, “दमानं पोरी, दमानं.” दहाव्या वेळी सरळ गेली.

आणखी एक अडचण. सीट त्याच्या उंचीची. मला बोनेट दिसतं, रस्ता दिसत नाही. शेवटी घरातून झोपायची उशी आणून खाली घेतली. अजिनाथ इतका हसला की कंबर धरून “आई गं” म्हणत बसला. बरं झालं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिलं भाडं. काँक्रीट कालवायचं मिक्सर ओढून दौलताबादला.

किल्ल्याजवळच्या दरवाजात समोरून बस आली. एका वेळी एकच गाडी जाते, आणि मी अर्धी आत. मागे घ्यावी लागली. मागच्या कारवाल्याने मान बाहेर काढली, “अरे, बाई गाडी चलारी!” अजिनाथ पट्ट्यासकट खिडकीतून बाहेर वाकला, “बाई हाय, मग? तू सरक की माघं!” सरकला. मिक्सर एका दमात सरळ मागे घेतलं. बसच्या ड्रायव्हरने जाताना हात केला. मी पण केला.

घरी आल्यावर अजिनाथ मामांना सगळं सांगत होता, जणू स्वतःच चालवून आलाय. मी आत पीठ मळत ऐकत होते. लई गोड माणूस आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

त्याची कंबर लवकर बरी व्हावी असं वाटतं. खरंच वाटतं. आणि किल्ली परत देऊ नये असंही वाटतं. कुठे बोलायचं हे? म्हणून इथे.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. नारळ अजिनाथने फोडला, गाडी त्याची. ट्रॉलीच्या हुकाला एक फूल मी गपचूप खोवलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

 

पिशोरच्या कडूबाईंनी इथल्या एकाची पिठाची गिरणी विकत घेतली. दगडाची जाती, पत्र्याचा सांगाडा आणि जुनं डिझेल इंजिन — सगळं ट्रॉलीवर लादून पोचवायचं होतं. लादायला चार माणसं होती, पण हुकूम मामांचा. मामांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला, अख्खा संसार घोड्यावर लादून. घोड्याच्या डाव्या कुशीला जेवढं वजन तेवढंच उजव्या कुशीला, नाहीतर जनावर अडतं. तसंच त्यांनी इथे केलं. जाती एक डावीकडे, एक उजवीकडे. दोरी लावून मोजलं. आणि इंजिन सगळ्यात मागे, म्हणजे पिशोरला आधी उतरेल!

मी हुक लावायला गेले तर ट्रॉलीचा दांडा हातात हलका. एरवी दोघांना उचलत नाही. मी म्हटलं, “मामा, मागं लई झालं. पुढं घेऊ थोडं.” मामा म्हणाले, “बरोबर तोललंय, बघ की.” अजिनाथकडे बघितलं. तो वडिलांकडे बघून म्हणाला, “आबांनी लादलंय. चल.” मी गप्प बसले. बसायला नको होतं. गाडी कोण चालवणार होतं?

खुलताबादपर्यंत चढ होता, चाललं. पुढे वेरूळच्या उतारावर आरशात ट्रॉली दिसली — इकडे. मग तिकडे. मग पिकअपचा मागचा भागही तिच्याबरोबर हलायला लागला. बाजूला दरी. मध्ये बसलेल्या मामांनी डॅशबोर्ड धरला. अजिनाथ ओरडला, “ब्रेक! ब्रेक दाब!”

नाही दाबला. पुढची गाडी थांबली की मागचं वजन ढकलणार, हे मला त्या क्षणी पायातच कळलं. ॲक्सिलेटर सोडला आणि स्टेअरिंग सरळ धरून बसले, बास. तो दुसऱ्यांदा ओरडला. मी म्हटलं, “गप बसा!” बावीस वर्षांत पहिल्यांदा. ट्रॉली आणखी दोनदा हलली, मग कमी, मग सरळ झाली. तेव्हा गिअर उतरवून गाडी हळूहळू खाली आणली.

खाली ढाब्याजवळ उभी केली.  ढाब्यावरच्या माणसांनी पहार आणि दोन पाइप लावून इंजिन पुढे सरकवलं. आता दांडा जड झाला. मामा ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आले आणि बारीक आवाजात म्हणाले, “घोड्याला दोन कुशी बघायच्या, एवढंच ठावं मला. ह्याला तोंड-शेपूट असतंय, कुणी सांगितलंच नाय.” मला हसूही आलं आणि रडूही. त्यांना चहा पाजला.

पिशोरला कडूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. मामा तिथे सगळ्यांना सांगत होते, “मी तिला म्हनलं, दमानं पोरी, दमानं!” सांगोत. अजिनाथ मात्र एक शब्द बोलला नाही. परत येतानाही नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तो अजून गप्पच. म्हणजे बोलतो — मीठ दे, पाणी दे. घाटाचं काहीच नाही. मी “गप बसा” म्हटलं ते लागलं असणार. सासऱ्यांसमोर म्हटलं. पण माफी कशाची मागू? ब्रेक दाबला नाही त्याची?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम एक वेळचा, हा दोनदा करतोय. पाय वर, पाय खाली, मोठ्याने आकडे मोजत. किल्लीची घाई झालीय. रागाने माणूस लवकर बरा होतो वाटतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हर्सूलला ट्रॉलीवर जनरेटर आणि त्याचं सामान नेलं. लादताना तो ट्रॉलीजवळ उभा राहिला. प्रत्येक नग स्वतः सांगून पुढे घ्यायला लावला, दांडा हाताने उचलून बघायला गेला तर मी ओरडले, कंबर! मग माणसाकडून उचलून घेतला. “आता जड हाय,” म्हणाला. माझ्याकडे न बघता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर म्हणाले, उत्तम. सोमवारपासून चालवा गाडी. पट्टाही काढला. दवाखान्याच्या पायऱ्या अजिनाथ कशाला न धरता उतरला! इतकं बरं वाटलं की तिथेच पेढे घेतले. तो दुखण्यातून उठला, ह्यापेक्षा मला काय हवंय?

घरी आल्यावर सीट मागे सरकवली, आरसे त्याच्या उंचीला वर केले. उशी घरात आणली. अभ्र्याला डिझेलचा वास येतोय, धुवायला टाकायला हवा. टाकला नाही. किल्ली खिळ्याला लावली.

सकाळी वाईट वाटत नव्हतं. आता वाटतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उशी पलंगावर नव्हती. बाहेर आले तर सीट पुढे ओढलेली, आरसे खाली, आणि उशी सीटला मामांच्या लोकरीच्या दोरीने बांधलेली. गाठ अजिनाथची, मी ओळखते. तो डावीकडे बेल्ट लावून बसलेला.

मी दार धरून उभीच राहिले. तो समोर काचेतून बघत म्हणाला, “त्या दिवशी मी असतो तर ब्रेक दाबला असता.”

मग म्हणाला, “लादायचं मी बघतो. बस आता, गंगापूरला अकराला पोचायचंय.”