खडूची वस्ती

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

डोळ्यावरची पट्टी अजून सुटली नसेल, म्हणजे हे तुला तुझी लेकच वाचून दाखवत असणार. पोरी, मोठ्यानं वाच आणि आत्याचं काही गाळू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझ्या खुर्चीत मांजर बसते. तीच आता वस्तीचे तंटे सोडवते, असं सगळे हसतात.

सरकारी कार्यालयातल्या नकाशेवाल्या बाई शनिवारी आल्या होत्या. शाळेच्या मोठ्या खोलीतली बाकं बाहेर काढली आणि फरशीभर खडूनं आपली वस्ती काढली. म्हणाल्या, "चपला काढा आणि आपापल्या घरात उभे राहा." दादा, काय सांगू तुला! माणसं आधी लाजली, मग पाण्यात उतरावं तशी हळूहळू आत शिरली. शिंपीण आपल्या दारात उभी राहून समोरच्या गवंड्याकडे बघून हसत होती. मी दोन ढांगांत आईच्या विहिरीपाशी पोचले. ती बुजून किती वर्षं झाली, पण तिथं माझ्या पावलांना गारवा लागला, खरंच.

मधला माळ तेवढा मोकळा राहिला. तिथं कुणाचं घरच नाही, तर कोण उभं राहणार? बाईंनी त्यावरून निळ्या खडूनं रस्ता ओढायला घेतला. मी "अहो, हे काय?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमच्या भावांनीच तसा शब्द दिलाय. वस्तीचे मुखिया तेच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाताना तू मला एवढंच म्हणाला होतास, "कार्यालयाचं मी बघितलंय, तू डोकं लावू नकोस." वाईट वाटलं, दादा. रागही आला. संध्याकाळी सगळ्यांची पोरं त्या माळावर असतात, घरात माणसं मावली नाहीत की तिथंच सतरंज्या पडतात.

मी जाऊन माळाच्या मधोमध उभी राहिले. मग शिंपीण आपलं घर सोडून आली. गवंडी आला. बघता बघता सगळी वस्ती घरं रिकामी टाकून माझ्याभोवती दाटीवाटीनं उभी राहिली. आपण सगळे एकच स्वप्न बघतोय, कुणी हललं तर मोडेल, असं वाटत होतं.

बाईंनी हळूच विचारलं, "मग रस्ता कुठून नेऊ?"

दुसरी वाट एकच, आणि ती तुलाही ठाऊक होती. कडेनं, आपल्या पुढच्या खोलीवरून. वहिनीनं जिथं डोळे मिटले त्या खोलीवरून. तेवढ्यासाठी तू माळ देऊन बसलास, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि रडू आवरेना. तरी म्हणाले, "आमच्या खोलीवरून न्या."

तुला न विचारता शब्द दिला. शेवटी तुझीच बहीण.

अजून पक्कं काही नाही. पट्टी सुटली की वस्ती पुन्हा काढणार आहेत, मुखियांसमोर. ये. हवं तर आपल्या खोलीत उभा राहा. तुला कुणी काही बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. पण मी माळावर असेन, आणि तू हाक मारलीस तरी यायची नाही.

रागावलास तरी तुझीच,
धाकटी