ह्यांची पंख्याची विमानं

२१ सप्टेंबर, रविवार
ठरलं. हे गेल्यापासून दोन वर्षं काचेचं कपाट अडवून बसलेली त्यांची विमानं दसऱ्याला विकून टाकायची आणि लेकीकडे पुण्याला राहायला जायचं. सौम्या फोनवर म्हणाली, आई, हे मी मागच्या दसऱ्यालाही ऐकलंय. मी म्हटलं, विमानांमुळंच अडलंय गं. माझा जीव थोडाच आहे त्यांच्यात. जुन्या पंख्याच्या प्रवासी विमानांची धातूची मॉडेलं ती. हे जन्मभर उद्यमबागच्या कारखान्यात, फौंड्रीत लोखंड ओतायला. विमानात एकदाही बसले नाहीत.

२४ सप्टेंबर
गुंडाळायला कागद काढला. डकोटा विमानाचं चाक फिरतंय का बघितलं. फिरतंय. मग अकराही विमानांचे पंखे फिरवून बघितले. संध्याकाळ झाली. एकही गुंडाळलं नाही. उजेड कमी होता.

२७ सप्टेंबर
इथल्या कॅम्पातली तेजस्वी विमानं घ्यायला दसऱ्यानंतर येणार. कॉलेजात शिकवते, असलीच विमानं जमवते. फोटो बघून म्हणाली, काकू, हात लावू नका, धूळसुद्धा पुसू नका. पोरगी भिडस्त दिसते. मला त्रास नको म्हणून म्हणाली असणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज घरातलं लोखंड, पितळ सगळं घासून पूजेला मांडायचं. हे असताना विमानांना हात लावू देत नसत. ते एक त्यांचं चुकायचंच. मी चिंच, राख आणि काथ्या घेऊन बसले. सगळी आरशासारखी लख्ख झाली. प्रत्येकावर झेंडूची पाकळी ठेवली. शेपटीवरची कंपन्यांची नावं तेवढी गेली. बारीकच होती, चष्म्याशिवाय वाचता यायची नाहीत.

३ ऑक्टोबर
तेजस्वी आली. एकेक विमान उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, काकू, ह्ये काय केलंसा? रंगच न्हाय राह्यला की. आता कोण घेनार ही? चहा अर्धा टाकून गेली. हल्लीच्या पोरींना स्वच्छतेचं कौतुक नाही.
सौम्याला कळवलं, गिऱ्हाईक गेलं, आता माझा नाइलाज आहे. फार वाईट वाटलं. झोप मात्र गाढ लागली.

७ ऑक्टोबर
सौम्याचा फोन. म्हणाली, विमानांसकट ये. जावयांनी हॉलमधली फळी रिकामी केली आहे. रविवारी गाडी घेऊन येतायत.
आमटीत मीठ दोनदा पडलं. बिनरंगाची विमानं जावयाच्या घरी न्यायची म्हणजे ह्यांचा अपमान. आधी रंग हवा.

९ ऑक्टोबर
पिशवी घेऊन उद्यमबागला गेले. मष्णू ह्यांच्याबरोबर फौंड्रीत होता, आता मशिनींना रंग मारतो. विमानं बघून हसला. म्हणाला, वैनी, आण्णांनी ह्ये बघितलं असतं तर दोन दिवस जेवलं नसतं. मग डोळे पुसत म्हणाला, आण्णांचं काम हाय, बाकीचं ठेवतो बाजूला, शनिवारी घिऊन जावा.
मी म्हटलं, एवढी घाई नाही.
म्हणाला, मग दिवाळी झाल्यावर?
मी म्हटलं, थंडीत रंग नीट वाळत नसेल. उन्हाळ्यात बघू.
त्यानं विमानं एकेक करून परत पिशवीत ठेवली. म्हणाला, वैनी, जायाचं न्हाय तर तसं सांगा की लेकीला. इमानांच्या आड कशाला लपतासा?
बसमध्ये पिशवी मांडीवर होती. घरी येऊन विमानं कपाटात लावली. सौम्याला फोन करायचा आहे.
उद्या करीन.