पाखऱ्याची शिंगं

लासुर्णे

तीर्थरूप तात्यांच्या पायावर लेकीचं डोकं.

आमी समदी खुशाल हाय. आईचा गुडघा कसा हाय?

काल घरची समदी बैलगाडीनं बारामतीला शेतकी प्रदर्शन बघाया गेलो. कोबीचा गड्डा घागरीएवढा बघितला. मामंजी मात्र ट्रॅक्टरपासनं हलंनात. आत्याबाईंनी त्याला कुंकू लावलं, भाकरतुकडाबी ओवाळून टाकला. लोक हसली. मला हसू आलं न्हाय. नवा बैल दारात आला की त्या असंच ओवाळत्यात.

गाडीला तुमी आंदण दिलेला पाखऱ्या हुता. येताना चढाला एकदाबी थांबला न्हाय. तरी मामंजी म्हणाले, "पोरी, ह्यो आता थकला बग."

तात्या, यंदा बेंदराला या. पाखऱ्याची शिंगं तुमच्याच हातानं रंगवा. फुडच्या सालाचं मला सांगता येत न्हाय.

तुमची बना