साक्षीदाराला वाटा नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, मूत्रपिंडविकारांची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. देणारा माझाच विद्यार्थी. दाखल्यावर तारीख घालायला तो याही वेळी विसरला होता. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. थकवा आहे, पण थकवा म्हणजे दडपण नव्हे, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर नातीला. ती सज्ञान होईपर्यंत वरच्या दोन खोल्यांत विभागातले शिकाऊ डॉक्टर राहतील. त्यांच्याकडून भाडे घेऊ नये. ओले टॉवेल खुर्च्यांवर टाकणाऱ्याला मात्र बाहेर काढावे.

२. माझा सूक्ष्मदर्शक तुफानला. विभागातली ही सर्वांत धाकटी शिकाऊ, बोलायला लागली की थांबत नाही म्हणून हे नाव. अट एकच: रुग्णाची लघवी आधी स्वतः या भिंगाखाली बघायची, प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर. हे मी जन्मभर सांगत आले. पालथ्या घड्यावर पाणी.

३. एक चाक निखळलेली फिरती खुर्ची अभ्यासक्रम समितीच्या माजी अध्यक्षांना. डायलिसिस सुरू कसे करावे यावर आमच्या अभ्यासक्रमात अख्खे प्रकरण आहे. ते थांबवायचे कधी आणि घरच्यांशी बोलायचे कसे, हेही शिकवू या, असे मी सुचवले तेव्हा ते म्हणाले, "बाई, त्यात शिकवायचं काय? मशीनला बटण असतंच की." सगळे हसले. मला तो हशा अजून लागतो. त्यांना खुर्ची फार प्रिय, म्हणून ही दिली.

४. मी स्वतः मशीनवर गेल्यानंतर ते शिकवणे घरीच सुरू केले. दर गुरुवारी एका शिकाऊ डॉक्टरने माझ्यासमोर बसायचे आणि डायलिसिस थांबवण्याविषयी बोलायचे. रुग्ण मी, नाहीतरी आहेच. पहिल्याने आकडेवारी म्हणून दाखवली. दुसरा हवापाण्याच्या गप्पा मारून चहा पिऊन गेला. तुफान रडली, तिला मी नापास केले. पुढच्या खेपेस माझा मुलगा घरी होता. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "दादा, मशीनवरून आल्यावर आई काय करतात?"

"झोपते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पडूनच असते."

मग ती गप्प बसली. तुफान, आणि गप्प. मुलगा या वेळी उठून गेला नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. विभागाने हा गुरुवार चालू ठेवावा. रुग्ण आता दुसरा शोधावा.

५. डायलिसिस मी थांबवत आहे. पडून राहायचा मला कंटाळा आला आहे. माझी शुद्ध हरपल्यावर कोणीही मला उचलून मशीनला जोडू नये. मुलाने तर नाहीच. वर्षभर हा विषय काढला की तो उठून गाडी पुसायला जात असे. गाडी लखलखीत आहे.

६. मुलाला मी काहीही देत नाही. लोक विचारतील, त्याचा गुन्हा काय? काही नाही. आठवड्यातून तीनदा त्याने मला नेले, आणले, जिन्यावरून उचलून चढवले आणि कधी कपाळाला आठी घातली नाही. पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा जातो, असे वकीलबाईंनी सांगितले. त्याच्या बायकोचाही जातो. सुनेच्या हातात बांगड्या मी आधीच घातल्या आहेत. मुलाला द्यायला जे होते ते मी जाणूनबुजून दुसरीकडे दिले, कारण कलम पाच वाचून त्याने सही करावी एवढीच माझी इच्छा आहे. त्याच्या माघारी मला जायचे नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: आजचा शुक्रवार. एरवी या वेळी मी मशीनवर असते.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे औषधविक्रेते (सही)
२. मुलगा (सही)

दुसऱ्या सहीखाली, मुलाच्या अक्षरात: वाचलं. पटलं नाही. सोमवारपासून रजा टाकली आहे.