जोडताऱ्याच्या छायाचित्रांची वाटणी

मी, खगोलशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाने त्यावर शंका घेऊ नये; त्याला ती खोड आहे.

१. राहतं घर भाचीला. ती धाकट्याची मुलगी असली तरी बापावर गेलेली नाही. दुर्बिणीच्या खोलीचं सरकतं छप्पर तिने अधूनमधून तेल घालून हलतं ठेवावं, नाहीतर ते रुसतं.

२. बँकेतली शिल्लक स्वयंपाकीणबाईंना. माझ्या वेळीअवेळीच्या जेवणावरून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

३. एका जोडताऱ्याची मी घेतलेली सर्व मूळ छायाचित्रं धाकट्या भावाला द्यावीत.

४. या छायाचित्रांची हकिगत अशी. हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीला दशकं लागतात. त्यातला मोठा तासाच्या आत फुगतो आणि आक्रसतो. आम्ही दोघा भावंडांनी ते एकाच पडद्यावर पाहिलं. "ताई, हा तर धडधडतोय गं!" असं तोच ओरडला होता. मग काम उरकायच्या घाईत त्याने तासातासाची छायाचित्रं एकत्र करून सरासरी काढली. त्यात ती धडधड बुडणारच! मी बजावलं. "बघू," म्हणाला. आणि भर परिषदेत, व्यासपीठावरून, "तारा शांत आहे. धडधडते ती आमच्या ताईच्या दुर्बिणीची मोटर." सभागृह खो खो हसलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुढे वारा फिरला, तशी तीच धडधड त्याने एकट्याच्या नावावर 'शोधली'.

आता त्याला जुने ठोके हवेत. तारा फिरत फिरत आपल्याकडे येतो तेव्हा ठोके लवकर पोचतात, लांब जातो तेव्हा उशिरा. त्यावरून कक्षा काढता येते. ते जुने ठोके फक्त माझ्या या छायाचित्रांत आहेत. म्हणून इतक्या वर्षांनी फोन, "ताई, जेवलीस का?" मला राग येतो आणि रडूही येतं. सख्खा भाऊ आहे हो!

५. उद्या तो येणार आहे. हे कागद त्याच्या हातात देईन, शेवटपर्यंत वाच म्हणेन. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वकिलीणबाई सांगतात, आणि माझीही तीच इच्छा आहे. त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर कलम ३ रद्द समजावं आणि भाचीने छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली करावीत, माझ्या नावासकट. वाचून सही नाकारली, तर सगळी त्याची. या खेपेला तरी त्याने पुरतं वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ४ मार्च (सह्या ५ मार्चला)

लिहून ठेवणारी: सही

साक्षीदार १: शेजारचे औषध दुकानदार. सही

साक्षीदार २: धाकटा भाऊ. सही
"ताई, कलम ३ वाचून डोळे भरून आले. आनंदाने सही करतो."