नाव पडेपर्यंत

११ मे, सोमवार

काहीतरी शिजतंय या घरात.

दुपारी बाल्कनीत कूलरमध्ये पाणी भरत होतो. आत स्वरूपा फोनवर. आवाज दाबलेला. सूनबाई दिल्लीत वाढलेली, फोनवर नेहमी हिंदीच. आज मराठी, म्हणून कान टवकारले. "काका, नाव लागेपर्यंत थांबू नका. तुम्ही आणि काकू घर खाली करा, प्लीज."

काका! या घरात काका म्हणजे एकच, माझा धाकटा भाऊ गुणवंत. दापोलीकडे आमच्या गावी राहतो. पुढे खाडी, मागे डोंगर. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. आई गेल्यावर जागेच्या कागदावर कुणाचं नाव लागायचं, यावरूनच तर बिनसलं. आता ही कुणाचं नाव लावतेय तिथे? आणि घर खाली कशाला करायचं?

मला पाहिल्यावर फोन ठेवला. "चहा टाकू, बाबा?" — इतकी गोड!

१२ मे

नचिकेतला विचारलं. मानेसरची कंपनीची बस पकडायच्या घाईत होता. "बाबा, रिटायर झालात ना यार! आता घरातलं ऑडिट बंद करा." एवढं बोलून पळाला. म्हणजे चिरंजीवही सामील.

१३ मे

उन्हामुळे बाहेर पडवत नाही. मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये बसून डोकंच चालतं नुसतं.

आज एकदम आठवलं — यशराज! स्वरूपाचा भाऊ. गुरुग्रामला असतो, कोकणात होमस्टे काढायचं खूळ आहे त्याला. दिवाळीत इथे जेवायला आला होता, तेव्हा गावचे फोटो बघून म्हणाला, "खाडीला लागून? बढिया लोकेशन है, अंकल!" मी तेव्हा हसलो होतो.

आता हसू येत नाही. म्हातारा-म्हातारीला गोड बोलून बाहेर काढायचं, घर रिकामं झालं की पुढचं सोपं. ऑडिटमध्ये असली प्रकरणं ढिगाने पाहिली मी.

१४ मे, गुरुवार

रात्री जेवताना सरळच विचारलं. "गुणवंतला घर सोडायला का सांगतेस?"

घास हातात तसाच राहिला तिचा. नचिकेत ताटात बघत बसला. मग म्हणाली, "वादळ येऊ शकतं, बाबा. अरबी समुद्रात कमी दाब तयार झालाय."

हवामान खात्यात नोकरी आहे तिची, समुद्री वादळांचं काम बघते. उत्तर तयार असणारच!

मग माझ्यापासून चोरून कशाला? "तुम्हाला काकांचं नाव काढलेलं चालत नाही. म्हणून." बरं. आणि ते नाव लागायचं काय प्रकरण? तर म्हणे वादळाचं नाव!

सगळं समजावून सांगितलं तिने, नाकारत नाही. आपल्या बाजूच्या समुद्रांसाठी तेरा देशांनी आधीच नावं देऊन ठेवलीत. भारत, बांगलादेश, इराण, ओमान, अगदी पाकिस्तानसुद्धा. एकामागून एक देशाची पाळी येते. नाव छोटं हवं, सगळ्यांना उच्चारता यायला हवं. धर्माचं, राजकारणाचं नको, कुणाला लागेल असं नको. एकदा वापरलं की पुन्हा नाही. तेरा देश मिळून वादळाचं बारसं! आणि दोन सख्ख्या भावांचं एका सातबाऱ्यावर जमत नाही.

"मग काय नाव ह्याचं?"

"अजून नाही पडलं. वारा ताशी बासष्ट किलोमीटरला पोचला की आमच्या ऑफिसातून नाव जाहीर होतं. त्याच्याआधी नुसतं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र."

"आणि नाही पोचला तर?"

"तर नाव नाही. पण पाऊस तोच ना, बाबा. डोंगर तोच. लोक नाव ऐकल्याशिवाय हलत नाहीत, तोच प्रॉब्लेम आहे. तुम्ही सांगा ना काकांना. तुमचं ऐकतील."

म्हणजे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं! हुशार आहे.

वादळाला नाव नाही, टीव्हीवर चकार शब्द नाही, आणि त्याच्यासाठी राहतं घर सोडायचं?

१५ मे

केला फोन. दोघं ऑफिसला गेल्यावर.

"गुणवंत, मी बोलतोय." पलीकडून, "दादा?" आवाज केवढा म्हातारा झालाय त्याचा! माझ्याहून लहान आहे पाच वर्षांनी.

स्पष्ट सांगितलं. स्वरूपाचं ऐकू नकोस. घर सोडू नकोस, कसल्या कागदावर सही करू नकोस. खरंच वादळ असेल तर नाव पडेल, सगळीकडे बोंब होईल. तोपर्यंत हलायचं नाही.

"पोरगी काळजीने सांगते रे. ग्रामपंचायतीचा माणूसपण येऊन गेला काल."

"तू माझं ऐकणार की तिचं?"

म्हणाला, "तू सांगतोस तर नाही हलत." मग म्हणाला, "जेवलास का, दादा?"

घरात कुणाला काही सांगितलं नाही.

१६ मे

पेपर कोपरान् कोपरा वाचला. कोकणात जोरदार पावसाची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बस्स. नाव नाही.

१७ मे, रविवार

नाव पडलंच नाही!

संध्याकाळी टीव्हीवर खाली एक ओळ सरकत गेली — खोल कमी दाबाचं क्षेत्र दापोलीजवळ किनाऱ्यावर आलं, जोर ओसरतोय. इतकंच! क्रिकेटच्या बातमीने ती ओळही गिळली.

स्वरूपा रविवार असून ड्यूटीवर होती. आली ती डोळे तारवटलेले. चपला न काढताच म्हणाली, "काकांचा फोन लागत नाहीये. काकूंचापण नाही." मी म्हटलं, "तिकडे जरा वारा सुटला की खांब पडतात. तुझं वादळ तर बिननावाचंच गेलं की!" ती माझ्याकडे बघतच राहिली. चोरी पकडली गेली की माणूस असंच बघतो.

आता यशराज काय करतो ते बघायचं. उद्या गुणवंतशी पुन्हा बोलेन. त्या दिवशी त्याने विचारलं, पण तो स्वतः जेवला का, ते मी विचारलंच नाही.

१८ मे

सकाळी शेवंताचा फोन. गुणवंतची बायको. फोन माझ्या हातात, स्पीकरवर. स्वरूपा आणि नचिकेत शेजारी उभे.

काल मागचा डोंगर घरावर आला. गुणवंत आत होता. शेवंताला त्याने आदल्या दिवशीच तिच्या माहेरी पाठवलं होतं. ती म्हणाली, "मी किती हाताला धरून ओढलं, भाऊजी. पण खुशीतच होते. म्हणाले, सहा वर्षांनी दादाचा फोन आला. थांब म्हणालाय तो."