भिंतीतून गेलेला पाइप

मी, भानुमती मधुसूदन चौसाळकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त लिपिक, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. घरातल्या नव्या यंत्रांना तसे वाटत नाही, पण त्यांचे मत कोणी विचारलेले नाही.

१. माझे राहते घर, मागच्या अंगणासह, माझा एकुलता मुलगा हिमांशू, सध्या राहणार पुणे, यास मिळावे.

२. मिक्सर नात मनस्विनीस द्यावा. माझ्या संसाराइतका जुना आहे, त्याला एकच कान, पिळला की फिरतो. हिमांशूने पाठवलेले कपडे धुण्याचे यंत्र मात्र भंगारात घालावे. त्यावर बटणांची जत्रा भरली आहे. नळाला जोर नसला की ते शिट्ट्या मारायचे आणि माझ्या साड्या पोटात घेऊन दार लावून बसायचे. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याचा बोर्ड गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, हा रिपेअर होत नाय, नवीनच घ्या."

३. बोअरविषयी. मागल्या एका दुष्काळात यजमानांनी तो मागच्या भिंतीलगत घेतला. बोअरची गाडी आमच्या फाटकातून शिरेना, तेव्हा मागच्या घरातील कडुबा आणि मनकर्णाबाई खिल्लारे यांनी आपल्या बाजूने भिंत पाडू दिली. ती पुन्हा बांधताना यजमानांनी तिच्यातून पाइप घातला आणि शब्द दिला, पाणी दोन्ही घरांचे. आता चहूकडे इमारती उठल्या, नळ आठवड्याने येतो, टँकर त्यांच्या बोळात वळत नाही. कडुबा अंथरुणाला खिळलेले आहेत. त्या घराचा सगळा भार या पाइपावर आहे.

गेल्या दिवाळीत हिमांशूने मोटरीला मोबाइलवर चालणारा डबा बसवला. मला तो चालवता येत नाही. मोटर माझ्या अंगणात, आणि चालू-बंद पुण्यातून.

४. हे कलम दागिन्यांचे होते. लिहायला घेतले आणि मोटर बंद पडली. भिंतीपलीकडून मनकर्णाबाईंची हाक आली, "भानुताई, पाणी गेलं की हो! यांचं अंग पुसायचं ऱ्हायलंय, कसं करू?"

मी हिमांशूला फोन लावला.

"मीच बंद केली, आई. पाणी खाली गेलंय, मोटर जळेल. आणि तो पाइप मी आता कायमचा बंद करणार आहे. बोअर आपला आहे."

"आणि बाबांचा शब्द?"

"कागदावर आहे का तो?"

मला इतका राग आला की पेन खाली ठेवावे लागले.

५. वायरमन पुंजाराम यांना बोलावले. बोअरमध्ये पाणी आहे, हे त्यांनी आधी पाहून घेतले. मग डबा काढला आणि जुना स्टार्टर जोडला. मोटर चालू आहे.

आता कागदावर लिहिते. कलम एक एवढ्यापुरते बदलले आहे: घर हिमांशूचे, पण बोअर, मोटर आणि भिंतीलगतची तेवढी जागा माझ्यामागे मनकर्णाबाई खिल्लारे यांच्या मालकीची. हिमांशूला पाणी लागेल तेव्हा त्याने भिंतीपाशी उभे राहून त्यांना हाक मारावी. त्या नाही म्हणणार नाहीत.

सही: भानुमती मधुसूदन चौसाळकर

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार: पुंजाराम गवळी, वायरमन, मुकुंदवाडी

साक्षीदार: डॉ. नानासाहेब औटी, औरंगपुरा. बाईंना तपासले. रक्तदाब चढलेला, बुद्धी शाबूत.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ मे २०२४